'आवाज येतो' ही काही तक्रार नव्हे

मंडळी, आज मी भांडायला बसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना आंबोळीची नाहीतर पहिल्या पावसाची आठवण वगैरे वाचायची असेल त्यांचा वेळ फुकट जायला नको.

भांडण दोन प्रकारच्या माणसांशी आहे. पहिला प्रकार आपल्या घराण्यात पैशाला पासरी आहे. कुठलीही वस्तू कुरकुरायला लागली की, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" असं म्हणणारा. दुसरा प्रकार हल्ली एसी लावलेल्या काचेच्या दुकानात गळ्यात ओळखपत्र अडकवून बसतो. त्याला आवाजाबद्दल सांगायला लागलं की तो ऐकत नाही, यादी काढतो, आणि यादीतला सगळ्यात महाग भाग बदलायला सांगतो. एक म्हणतो काहीच करू नका, दुसरा म्हणतो सगळंच बदला. कान दोघांचेही बंद! माझं म्हणणं एवढंच आहे, की आवाज नेमका कुठून येतो हे शोधल्याशिवाय त्या वस्तूवर तेलाचा थेंब टाकू नये आणि खिशातला रुपयाही काढू नये.

निमित्त आहे पुण्याच्या भाच्याची सायकल. सायकल कसली, विजेवर चालणारं डोंगरी प्रकरण. जाडजूड टायर, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा, मागच्या चाकात मोटर, आणि खालच्या तिरक्या नळीवर माझ्या जुन्या कंपासपेटीच्या चौपट लांबीची बॅटरी. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मोटर 250 वॉटच्या आतली असली आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद होत असली की तिला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. पायडल मारायचं, मोटर हातभार लावते. लोट्यासारख्या चढउताराच्या गावात ही सोय मला मनापासून आवडली, हेही नोंदवते. उगाच नव्या गोष्टींना नावं ठेवणारी म्हातारी मी नाही.

भाच्याने ती गेल्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे ठेवली आहे. सुट्टी लागून आली की तो इथे येतो आणि कातळावरून, गाडीवाटांवरून, कधी परशुराम घाटाच्या बाजूला भटकतो. यंदाचा पाऊस संपला आणि ती सायकल बोलायला लागली. त्याने ती गाडीच्या मागे बांधून शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेली. (नाव लिहीत नाही. एका दुकानाचा हा प्रश्न नाही, सगळ्या जातीचाच आहे.) तिथे ती स्टँडवर टांगली, मागचं चाक हवेत फिरवलं, स्क्रीनवरचे आकडे बघितले आणि निदान झालं: "मोटरचा नॉईज आहे. असेंब्ली बदलावी लागेल." साडेअठरा हजार रुपये आणि दीड महिना थांबायचं. भाचा सायकल परत घेऊन आला आणि त्याच रात्री आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर परिषद भरली. निम्मे म्हणाले, "इलेक्ट्रिक आहे, आवाज करणारच, वापर तशीच." निम्मे म्हणाले, "बदलून टाक, वॉरंटी कशाला असते?" एकानेही विचारलं नाही की आवाज कसला येतो आणि कधी येतो.

आता मी मराठी शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे माझी पहिली हरकत भाषेची आहे. 'नॉईज' म्हणजे काय? ज्या भाषेत कुरकुर, करकर, किरकिर, चरचर, खडखड, खुळखुळ, घरघर, टकटक एवढे शब्द आहेत, त्या भाषेतला मुलगा यंत्रापुढे उभा राहून 'आवाज येतो' एवढंच सांगतो? पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलेल्याने नुसतं 'दुखतंय' म्हणावं तसंच हे. कुठे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टर विचारतोच ना?

हे शब्द आपल्या पूर्वजांनी कवितेसाठी म्हणून जमवलेले नाहीत. बैलगाडी, रहाट, जातं, झोपाळा यांच्याबरोबर राहून ते जमले आहेत आणि त्यांत कारण दडलेलं आहे. खडखड म्हणजे दोन वस्तूंत मोकळी जागा आहे, काहीतरी सैल आहे आणि आपटतंय. खुळखुळ म्हणजे सुटलेला तुकडा आत फिरतोय. करकर म्हणजे मध्ये रेती आहे, दाताखाली भातातला खडा यावा तसं. घरघर म्हणजे दाते झिजलेत नाहीतर छर्रे कोरडे पडलेत. आणि कुरकुर? कुरकुर ही सगळ्यात फसवी. ती सैल वस्तूची नसतेच मुळी. दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, तरी केसभर सरकतात. अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. फळ्यावर खडू किंचाळतो तो ह्याच कारणाने. खडू फळ्याला धरतो, सुटतो, धरतो, सुटतो, तेही सेकंदाला शेकडो वेळा. (खडू मोडून अर्धा केला किंवा थोडा तिरका धरला की तो गप्प होतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं, फक्त का होतो हे कोणी विचारत नाही.) नवी कोल्हापुरी चप्पल कुरकुरते, लाकडी पलंग कुरकुरतो, आपल्या खेडच्या घरातला झोपाळा कुरकुरायचा. झोपाळ्याचा आवाज फळीतून येतोय असं वाटायचं, पण तो असायचा वर, कडीत. सगळ्या भावंडांनी फळीखाली वाकून बघितलेलं मला आठवतंय, आणि आमचे आजोबा खुर्चीवर चढून कडीला एरंडेलाचं बोट लावायचे.

भाच्याची सायकल कुरकुरत होती. घरघरत नव्हती. नुसत्या ह्या एका शब्दावर मोटरवरचा संशय निम्मा उतरायला हवा होता.

दुसरी हरकत गणिताची. माझा विषय गणित नव्हे, पण एवढं मोजायला बी.ए. पुष्कळ झालं. सायकलच्या पुढच्या चेनव्हीलला समजा 42 दात आहेत आणि मागच्या ज्या चक्रावर चेन आहे त्याला 14. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक तीनदा फिरतं. मोटर त्या चाकातच बसलेली. तिच्या आतलं यंत्र तर दातेरी चाकांमुळे आणखी कितीतरी वेळा फिरतं. मग जो आवाज पायडलच्या एका फेरीला बरोबर एकदा, तोही उजवा पाय खाली जाताना येतो, तो मोटरचा कसा असेल? चाकात बिघाड असता तर एका फेरीला तीनदा ऐकू आला असता. हे मोजायला सायकल उघडावी लागत नाही, स्क्रीन लागत नाही. फक्त कोणीतरी तिच्यावर बसून शंभर पावलं जावं लागतं. आणि नेमकं तेच त्या काचेच्या दुकानात कोणी केलं नाही. टांगलेल्या सायकलवर वजन नसतं. वजन नाही तर दाब नाही, दाब नाही तर कुरकुर नाही. रिकामा पलंग कधी कुरकुरलाय का?

तर मी ती सायकल माझ्या एका विद्यार्थ्याकडे नेली. हायवेला लागून त्याची टपरी आहे, सायकल आणि मोटरसायकल दोन्ही करतो. दहावीला दोनदा बसला. शुद्धलेखनात त्याने मला जेवढं रडवलं तेवढं कोणीच नाही. पण त्याचा कान बघा! त्याने सायकलला हात लावायच्या आधी मलाच विचारलं, "बाई, बसल्यावर करते की उभ्याने पण करते?" मला काय माहीत! मी सत्तरी ओलांडलेली बाई, मी कुठे त्या घोड्यावर बसणार? त्याने आपल्या मुलाला बसवलं आणि स्वतः शेजारून पळत गेला, वाकून, कान खाली नेऊन.

मग जे झालं ते सविस्तर सांगते, कारण माझ्या भांडणाचा सगळा पुरावा तिथेच आहे.

पहिल्यांदा मोटर बंद करून नुसती पायाने चालवली. आवाज तसाच. इथेच साडेअठरा हजार वाचले, आणि त्याला अर्धं मिनिट लागलं. मग उतारावर पायडल न मारता सोडली, तर गप्प. म्हणजे चाकं, आरे, मागचा एक्सल ह्यांच्याकडे बघायचं कारण उरलं नाही. मग मुलाला सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायला सांगितलं. आवाज निम्मा झाला, पण थांबला नाही. तो म्हणाला, "बाई, दोन हायत. एक नाय."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. एका वेळी दोन ठिकाणी दुखत असलं की माणूस गोंधळतो, एक बरं केलं तरी दुखणं राहतंच, आणि मग 'काही उपयोग झाला नाही' म्हणून तो सगळंच बदलायला निघतो. ह्याने आधी सीटचा पाइप उपसला. आत लाल गाळ! आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सीटखालच्या फटीतून पाणी आत जातं, आपल्याबरोबर जांभ्याची बारीक धूळ नेतं, कंपनीने लावलेलं असेल नसेल तेवढं ग्रीस धुऊन काढतं. दिवाळीनंतर ते वाळतं आणि मग ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं. त्याने पाइप पुसला, नळीच्या आत फडकं फिरवलं, ग्रीसचा पातळ हात दिला, सीटच्या खालचे दोन बोल्ट सोडून, साफ करून पुन्हा आवळले. बसल्यावरचा आवाज गेला.

राहिला दुसरा. तो ऐकणाऱ्याला अगदी पायाशी, मधल्या एक्सलमधून येतोय असं वाटायचं. पण पोकळ ॲल्युमिनियमच्या नळीतून आवाज कुठूनही कुठेही जातो. झोपाळ्याची तीच गंमत. त्याने पायडलं काढली. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस तिथेच आटे खाऊन टाकतो.) आट्यांना ग्रीस लावून परत बसवली. फरक नाही. क्रँकचे बोल्ट तपासले. फरक नाही. पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार दिला, गप्प. प्रत्येक वेळी एकच गोष्ट करायची, मुलाला फिरायला पाठवायचं, ऐकायचं, मग पुढची. चार गोष्टी एकदम आवळल्या असत्या तर आवाज कदाचित गेलाही असता, पण कशाने गेला ते कळलं नसतं, आणि तो परत आला असता तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

मग त्याने बॅटरी काढली. आवाज बंद!

भाचा तेव्हा फोनवर होता. तो जवळजवळ ओरडलाच, "बघ मावशी! बॅटरी काढली की थांबतो. म्हणजे मोटरचाच." मला वाटलं, झालं, आता हा जिंकला. माझ्या विद्यार्थ्याने काही उत्तर दिलं नाही. बॅटरी परत जागेवर बसवली, किल्ली फिरवली, पण स्विच बंदच ठेवला आणि मुलाला पाठवलं. कुर्र... कुर्र... कुर्र. वीज बंद, मोटर बंद, आणि आवाज चालू. "बाई, करंटचा नाय, वजनाचा हाय." अहाहा! दहावीला दोनदा बसलेल्या पोराचं हे वाक्य कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारावर लावावं.

बॅटरी ज्या पट्टीवर बसते ती पट्टी दोन बोल्टांनी नळीला धरलेली असते. त्यातला एक बोल्ट सैल होता आणि पट्टीखाली तीच लाल धूळ. पायडलवर जोर पडला की सायकलची चौकट केसभर पिळते, वर तीनचार किलोची बॅटरी, आणि मध्ये ती पट्टी घासते. म्हणून पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा. त्याने पट्टी साफ केली, जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून खाली घातला, बोल्ट आवळले. दीड तास, दीडशे रुपये, आणि चहा त्याच्याचकडून.

आता पहिल्या प्रकारच्या लोकांकडे वळते, कारण ते आतापर्यंत गालात हसत असतील. "म्हणजे बघा, काही मोठं नव्हतंच. आम्ही म्हणत नव्हतो, चालतंय ते चालू दे?"

नाही! ह्या वेळी नव्हतं. पण हे शोधल्यावर कळलं. ॲल्युमिनियम हा गुणी धातू खरा, पण तो थकतो. लोखंडाचं असं असतं की ठरावीक मर्यादेच्या आतला ताण त्याला कितीही वेळा दिला तरी ते सहसा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान लहान ताणांची बेरीज होत जाते, कुठेतरी केसासारखी चीर पडते, वाढते आणि एक दिवस हँडल हातात येतं. त्या चिरेची पहिली खबर पुष्कळदा अशीच असते, कट्ट नाहीतर कुर्र. म्हणून हँडल, त्याला धरणारा दांडा, पुढचा चिमटा आणि सीटचा पाइप ह्यांच्यापाशी आवाज आला तर तो सापडेपर्यंत सायकल घाटात नेऊ नये. त्या जागा पुसून उजेडात बघाव्यात. रंगावर काळी बारीक रेघ दिसली की थांबावं. लोट्याकडून चिपळूणकडे उतरताना परशुराम घाटात काय उतार आहे आणि बाजूने कसले टँकर, कंटेनर जात असतात ते मी काय सांगायचं? तेवीस किलोची सायकल, वर सत्तर किलोचा भाचा. तिथे हँडल हातात आलं तर 'चालतंय ना' म्हणणारा कोण येणार आहे उचलायला?

ह्या 'चालतंय'वाल्यांचाच एक सख्खा भाऊ आहे, 'तेल सोडा'वाला. आवाज आला की स्प्रेचा डबा घ्यायचा आणि सगळीकडे फवारायचं. ह्या सायकलींना ब्रेकसाठी चाकाच्या मध्यापाशी पोलादी तबकडी असते. त्या तबकडीवर आणि तिला धरणाऱ्या पॅडवर तेलाचा फवारा गेला की ब्रेक दाबूनही लागत नाही. म्हणजे आवाज घालवायला निघालात आणि ब्रेक घालवून बसलात! आपल्यातले काही तर चेनला खोबरेल तेल लावतात. घरचं आहे, शुद्ध आहे, कबूल. पण खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, पौषातल्या सकाळी न्हाणीघरातली बाटली बघा, आणि त्याच्यावर धूळ बसून चेनला जो लेप होतो तो काढता काढत नाही. शिवाय तेलाने कुरकुर दोन दिवस थांबते आणि तुमची समजूत होते की बरं झालं. आत चीर असली तर ती ह्या दोन दिवसांत वाढतेच आहे.

आणि आता तो खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. भाच्याला जेव्हा मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो आनंदी होण्याऐवजी घाबरला. "मावशी, त्याने बॅटरीची पट्टी उघडली? वॉरंटी गेली ना मग!" म्हणजे ज्यांनी सायकलवर न बसता मोटर बदलायला सांगितली त्यांना उघडायचा हक्क, आणि ज्याने दीडशे रुपयांत खरं कारण शोधलं तो गुन्हेगार? हे कोणी ठरवलं? विकत घेतलेल्या वस्तूचा एक बोल्ट आवळायलाही विकणाऱ्याची परवानगी लागत असेल, तर ती वस्तू आपण विकत घेतली आहे की भाड्याने आणली आहे?

मी तारतम्य सोडून बोलत नाही. बॅटरीच्या आतलं काम टपरीवर होऊ नये, हे मला मान्य आहे. लिथियमची बॅटरी चुकीची उघडली तर पेट घेते. तिथे शिकलेला माणूस आणि योग्य जागाच हवी. मोटरही कधी खरोखर बिघडते. तिच्या आत नायलॉनची दातेरी चाकं असतात, ती झिजतात, तेव्हा घरघर येते. पण मग ते चाक सुटं द्या ना! पाचपन्नास ग्रॅमच्या चाकासाठी अख्खी मोटर फेकायची? हे शिक्षण आपल्याला कोण देतंय?

सरकारलाही हे कळतं. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी क्षेत्रं घेतली आहेत. छान. पण पोर्टलवर माहितीपुस्तिका टाकल्याने हायवेवरच्या टपरीत सुटा भाग येत नाही. युरोपीय संघाने 2024 साली ह्याच हक्काचा कायदा केला, आणि त्यात इलेक्ट्रिक सायकलसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्याही आहेत. आपल्याकडे तर दुरुस्त करणारे हात गल्लोगल्ली होते, कायद्याची वाट न बघता. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, रस्त्यावर लावलेल्या दुचाक्या चिखलात गेल्या. त्या धुऊन, उघडून, वाळवून पुन्हा रस्त्यावर आणायला काचेतले लोक पुरले असते का?

टपरीला हसणाऱ्यांसाठी आणखी एक. किर्लोस्करांचा एवढा मोठा पसारा, तो लोखंडी नांगर, ते पंप, 1910 साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, ह्या सगळ्याची सुरुवात बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानातून झाली. तिकडे अमेरिकेत ज्या राइट बंधूंनी 1903 साली विमान उडवलं, ते डेटन गावात सायकली विकत आणि दुरुस्त करत होते. उघडून बघण्याची, ऐकण्याची, एका वेळी एक गोष्ट बदलून बघण्याची सवय तिथे लागते. आपल्या इथे लवेलला इंजिनीअरिंग कॉलेज आहे, लोट्याच्या एमआयडीसीत यंत्रांना तोटा नाही. त्या कॉलेजातल्या पोरांनी महिन्यातून एक दुपार माझ्या विद्यार्थ्याच्या टपरीवर बसावं असं मी गंभीरपणे सुचवते. पण उद्या सगळ्याच सायकलींना सील लागलं तर त्या टपरीवर बसून बघणार काय? पंक्चर?

त्याचा मुलगा, जो त्या दिवशी सायकल चालवत होता, तो आठवीत आहे. कान बापाचाच. मी त्याला विचारलं, पुढे काय करणार? तर म्हणाला, "मोबाइल शोरूममध्ये." बापाने मान खाली घातली आणि पकड शोधायला लागला. मला तो मुलगा काय चूक बोलला असं वाटलं नाही. ज्या कामाला हात लावला की मालक 'वॉरंटी गेली' म्हणून दचकतो, ते काम कुठलं पोर घेईल?

असो. आता कुटुंबीयांना एक सूचना, आणि ती ह्या घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणून. ह्यापुढे मला फोन करून 'मावशी, मिक्सरचा आवाज येतोय', 'आत्या, पंख्याचा आवाज येतोय' असं सांगायचं नाही. कुरकुरतो की खडखडतो? जोर पडल्यावर की नुसता फिरताना? फेरीला एकदा की तीनदा? थंड असताना की तापल्यावर? एवढं ऐका, लिहून काढा आणि मग फोन करा. निम्म्या वेळा फोन करायची गरजच पडणार नाही.

जाता जाता हिशेबाचं. माझा विद्यार्थी सगळे बोल्ट अंदाजाने आवळतो. त्याचा अंदाज चांगला आहे, पण ह्या नव्या सायकलींच्या हँडलवर बारीक अक्षरांत 5 किंवा 6 न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं. तेवढाच जोर द्यायचा, जास्त दिला तर तिथेच चीर पडते. त्यासाठी वेगळा पाना मिळतो, ठरलेल्या जोराला पोचला की कट् करून सांगतो. तो मी चिपळूणहून मागवून त्याला दिला. तीन दिवस तो त्या पान्याने दिसेल ते आवळून बघत होता. अठ्ठावीसशे रुपये पडले. पावती मी भाच्याला पाठवली आहे, वाचलेल्या साडेअठरा हजारांतून द्यायला त्याची हरकत नसावी. अजून उत्तर आलेलं नाही.